तिसरा रविवार

आमच्यात लग्न ठरलं की पाळक सलग तीन रविवार उपासनेत मुलामुलीची नावं जाहीर वाचतात. अमक्यांचा मुलगा आणि तमक्यांची मुलगी पवित्र विवाहाने एकत्र येऊ इच्छितात, कुणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावी. हरकत कुणी घेत नाही. मी तरी अख्ख्या आयुष्यात एकदाही ऐकली नाही. बायका मागे वळून नवरीकडे बघतात, नवरी पदराशी चाळा करते, पोरं फिदीफिदी हसतात आणि पाळक पुढच्या सूचनेकडे वळतात. पण तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाली की मुलगी दिल्यातच जमा असते. मग कपडे, मग मांडव, मग नातेवाइकांचे रुसवेफुगवे.

माझ्या ताईचं नाव दोनच रविवार वाचलं गेलं. वाचणारे आमचे पप्पाच होते.

पप्पा तेव्हा नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली, पुढे कडुनिंब, मागे आम्ही राहायचो ते घर. ताई नगरला एका दवाखान्यात नर्स होती. शनिवारी एसटीने घरी यायची आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. मी कॉलेजात होते, घरात शेंडेफळ, आणि जीभ तेव्हाही आत्ताइतकीच लांब होती.

आमच्या घरात शपथ घालायला बंदी होती. शाळेतल्या मैत्रिणी ऊठसूट आईची शप्पथ, विद्येची शप्पथ घालायच्या. मी एकदा घरी येऊन तसं बोलले तर पप्पांनी मला जेवणावरून उठवलं. म्हणाले, "आपल्याला शपथ लागत नाही. आपण होय म्हटलं की होय. ज्याला शपथ घालावी लागते त्याचं होय कच्चं असतं." गावातल्या लोकांनाही हे माहीत होतं. बांधावरून भांडणं झाली की दोन्हीकडचे पप्पांना मध्ये बोलवायचे. एक म्हातारे शेतकरी तर सांगायचे, "पाळकसाहेब व्हय म्हनले म्हंजी झालं, कागद कशाला पायजे?" हे ऐकून पप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो मला तेव्हाही थोडा जास्तच वाटायचा.

मुलगा मिरजगावकडचा होता, शाळेत शिक्षक. घरी आई आणि तो, दोघंच. उंच, सावळा, आणि बोलण्याच्या बाबतीत कमालीचा कंजूष. बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी संपेपर्यंत त्याने तीन-चार शब्दांच्या वर खर्च केला नाही. मी ताईला स्वयंपाकघरात विचारलं, "अगं, हा बोलतो की नुसत्या खुणा करतो?" ताई म्हणाली, "कामापुरतं बोलतो. सगळ्यांना तुझ्यासारखं फुकट वाटायची सवय नसते." मी तेव्हाच समजले की ताईला तो आवडलाय. साखरपुडा झाला. पहिल्या रविवारी नावं वाचली गेली, दुसऱ्या रविवारी वाचली गेली. पप्पांचा आवाज दोन्ही वेळा ताईच्या नावापाशी जरा भरून आला, आणि मंडळीतल्या बायका डोळे पुसायला निमित्त मिळालं म्हणून खूश झाल्या.

त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये तो एकटाच आमच्याकडे आला. ताई नगरला ड्यूटीवर होती. पप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्याने चहाला नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगितलं, की पाय सुजायला लागले म्हणून पुण्याला तपासणी केली, दोन्ही किडन्या खराब झाल्यात, पुढे काय होईल ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. एवढं बोलून तो म्हणाला, "तुम्हाला मोकळं करायला आलोय, पाळकसाहेब."

मी दारात उभी होते. पप्पा उठले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "मुला, आम्ही शब्द दिलाय. देव विश्वासू आहे, आपण भार त्याच्यावर टाकू. रविवारी ये. तिसऱ्यांदा नावं वाचतो, मग आमच्याकडेच जेव." मग त्यांनी प्रार्थना केली. लांबलचक, अगदी मनापासून. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला त्या दिवशी माझ्या वडिलांचा जितका अभिमान वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं लिहिताना ते विसरायला होतं. ती प्रार्थना ढोंग नव्हती.

पण प्रार्थना करणं सोपं असतं, त्यानंतरचे दिवस काढणं कठीण जातं. आईने ऐकल्यापासून हाय खाल्ली. तिने शेवगावहून मामांना बोलावून घेतलं. शनिवारी दुपारी मामा आले आणि पप्पांवर बरसले. "तुमच्या विश्वासाची परीक्षा तुम्ही द्या की. पोरीच्या जिवावर कशाला देताय?" ते म्हणाले. पप्पा म्हणाले, "मी होय म्हटलंय." मामा म्हणाले, "दोन वर्षं, पाच वर्षं. मग काय? तिचं पुढचं आयुष्य कोण काढणार, तुम्ही?" मग मला स्वयंपाकघरात त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा बारीक. "एक रविवार जाऊ दे. नाही म्हणत नाही मी. फक्त उद्या वाचत नाही. पुढच्या रविवारी बघू."

माझ्या वडिलांनी स्वतःसाठी ही पळवाट काढली. नाही म्हटलं तर शब्द मोडतो, न वाचलं तर नुसता लांबतो, असा त्यांचा हिशेब. इतकी वर्षं मंडळीत काढलेल्या माणसाला हे कसं कळलं नाही, की चर्चमध्ये न बोललेलं सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं? ताई त्या संध्याकाळी आली तेव्हा तिला कुणीच काही सांगितलं नाही. मुलाने तिला दवाखान्यात जाऊन आजाराचं आधीच सांगितलं होतं, आणि तिने त्याला आपलं उत्तरही दिलं होतं. आम्ही रात्रीची भाजी निवडत असताना ती मला म्हणाली, "देव विश्वासू आहे म्हणजे किडनी बरी होणार असं थोडंच आहे? तो मध्येच सोडून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग मी कशी जाऊ?" मला माहीत होतं दुपारी काय झालं ते. मी मेथीच्या काड्या मोडत बसले. पप्पा रात्रीतून सावरतील असं मला वाटलं.

रविवारी तो आला. नवा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला. सगळ्या मंडळीने त्याला बघितलं. ताई पेटीवर होती, पप्पांच्या डाव्या हाताला. गीतं झाली, वाचन झालं, सूचनांची वेळ आली. पप्पांनी महिला मंडळाची सभा सांगितली. गुरुवारची घरोघरची प्रार्थना कुणाकडे आहे ते सांगितलं. छताचा पत्रा गळतोय त्याचं सांगितलं. बायका मागे वळायच्या तयारीत बसल्या होत्या, काही तर वळल्याही होत्या. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आपण पुढचं गीत गाऊ."

कुणी हललं नाही. ताईने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी गीताच्या पुस्तकात बघितलं. मग ताईने भाता ओढला आणि सूर दिला. तिने अख्खं गीत वाजवलं, एकही सूर न चुकवता. माझी मोठी बहीण काय चीज आहे ते त्या दिवशी मला कळलं.

उपासना संपल्यावर पाळक दारात उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतात. तो रांगेतून आला. पप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सलाम, पाळकसाहेब. येतो." पप्पा म्हणाले, "जेवायला..." तो गेला. घरात आईने मटण शिजवलं होतं. ते त्या दिवशी कुणी खाल्लं नाही, संध्याकाळी शेजाऱ्यांकडे दिलं.

ताईने पप्पांना एवढंच विचारलं, "तुम्ही वाचलं का नाहीत?" पप्पा म्हणाले, "पुढच्या रविवारी वाचू, बाळा. मी नाही म्हटलेलं नाही." पण पुढचा रविवार उगवायच्या आत मिरजगावहून त्याचे चुलते मोटारसायकलवर आले आणि साखरपुड्यात आमच्याकडून गेलेलं घड्याळ नि कापड परत करून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पप्पा ते घड्याळ हातात घेऊन ओट्यावर बसले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, लाजही होती, पण त्याखाली सुटल्यासारखंही काहीतरी होतं. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनाही कळलं. पुढे कित्येक वर्षांनी ते मला म्हणाले, की देव बाकी सगळ्याची क्षमा करेल, पण त्या सुटकेची कशी करेल ते मला कळत नाही.

ताई मात्र सुटली नव्हती. तिने रजा काढली आणि मला घेऊन मिरजगाव गाठलं. शाळेच्या आवारात बाभळीखाली तो आम्हाला भेटला. ताई सरळ म्हणाली, "पप्पांचं पप्पांपाशी. माझं होय आहे तसंच आहे." तो म्हणाला, "तुझं होय मी कुठं नाकारतोय? पण पाळकांच्या घरातून पोरगी पळवून आणली असं कुणी म्हणायला नको. त्यांना मंडळीत उभं राहता येणार नाही." मग तो म्हणाला, "बरा झालो तर येईन. त्यांच्याकडूनच मागून नेईन." त्याच्या मानाने हे फारच मोठं भाषण होतं. परतीच्या एसटीत ताई जवळजवळ आनंदात होती. मी मात्र रडत होते, आणि तीच मला चिक्कीचं पाकीट फोडून देत होती.

नंतर कळलं, त्याच्या आईने त्याला आपली एक किडनी दिली. ऑपरेशन यशस्वी झालं. तो परत शाळेत जायला लागला, रविवारी मुलांचे वर्ग घ्यायला लागला. मामांनी दिलेली दोन वर्षं गेली, पाच वर्षं गेली. तो जिवंत होता, चालत होता, शिकवत होता. दर वेळी कुणीतरी मिरजगावहून यायचं आणि सहज सांगून जायचं, आणि पप्पा तेवढ्यापुरते उठून बाहेर जायचे. देवाने आपला शब्द पाळला होता, आणि ते आमच्या घराला बघत बसावं लागत होतं.

त्या तिसऱ्या रविवारनंतर पप्पांनी कुणाच्याही लग्नाची नावं वाचली नाहीत. ते काम मंडळीचे सेक्रेटरी करायचे. माझ्या लग्नाची नावंही सेक्रेटरींनीच वाचली, तीनही रविवार, आणि मी पदराशी चाळा करत असताना ताई पेटीवर बसली होती. मला तेव्हा वर बघता आलं नाही. माझा नवरा आजही चेष्टा करतो, की तुला आयुष्यात तेवढीच एकदा लाजताना पाहिली. ती लाज त्याच्यासाठी नव्हती, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

ताईला स्थळं आली. ती म्हणायची, "मी एकदा होय म्हटलंय." आई समजावून थकली आणि एक दिवस तशीच गेली. पप्पा निवृत्त झाले, ताईच्याच नगरच्या घरी राहायला गेले. ती त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांचं चिडणं सगळं बघते. मी कितीदा म्हटलं, "तू स्वतः जा ना मिरजगावला. विचार." ती म्हणायची, "त्यानं सांगितलंय, बरा झालो तर येईन. बरा झालाय. आला नाही. मग त्याचं उत्तर मला समजायला नको?" पप्पांनाही मी म्हटलं होतं, तुम्ही जाऊन बोला. ते दर वर्षी नाताळानंतर जाऊ म्हणायचे, आणि मग त्यांचं ब्लडप्रेशर वाढायचं. मला राग यायचा. आमच्या घरात सगळ्यांना विश्वास होता, पण मिरजगावची एसटी धरायचा धीर एकात नव्हता. मी तरी काय केलं? मी टोमणे मारले आणि माझ्या संसारात परत गेले.

गेल्या वर्षी मिरजगावहून फोन आला. साधा ताप होता, त्याचं इन्फेक्शन झालं आणि दोन दिवसांत तो गेला. पप्पांची ऐंशी उलटलेली, पाय धड चालत नाहीत, पण ते म्हणाले, मातीला मी जाणार. आम्ही तिघं गाडी करून गेलो.

घरापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. शाळेची मुलं गणवेशात रांगेने बसली होती. त्याची आई ओट्यावर होती, वाळून काडी झालेली. पप्पा काठी टेकत तिच्यासमोर गेले आणि हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी शब्द मोडला. मी भ्यालो होतो." म्हातारीने त्यांना खाली बसायला लावलं. म्हणाली, "भ्यालात, त्यात काय झालं? मी बी भ्याले हुते. आपुन मान्सं हाय." मग तिची नजर ताईवर गेली. तिने तिला ओळखलं. हात धरून शेजारी बसवून घेतलं आणि लोकांसमोरच बोलायला लागली.

"लई मागं लागले मी त्याच्या. म्हनलं, जा, आता चांगला झालायस, माग पाळकसायबाकडं पोरगी. तर म्हनायचा, आई, मी कुठं बरा झालोय? तुझ्या किडनीवर नि गोळ्यांवर जगतोय. रोजच्या रोज मूठभर गोळ्या लागतात, ह्याला बरं म्हनायचं व्हय? बरा झालो तर येईन असं सांगितलंय. बरा झालो नसताना जाऊन खोटं कसं बोलू?" मग ती ताईकडे वळली. "दुसरी बगितली न्हाई पोरी त्यानं. बरं व्हायचीच वाट बघत बसला."

ताईने तिचा हात सोडला नाही. ताईच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. इतकं खरं कशाला बोलायचं कुणी? ताईने होय पाळलं, त्याने आपला शब्द अक्षरशः पाळला, पप्पांनी आपलं नाही कधी उच्चारलंच नाही. आणि त्या सगळ्यात दोन माणसांचं अख्खं आयुष्य नगर आणि मिरजगावच्या मधल्या रस्त्यावर सांडून गेलं. मी देवाला दोष द्यायचा प्रयत्न केला, पण तो कुठे बसेना. त्याने तर त्या माणसाला दोन दशकं हातात धरून ठेवलं होतं. वेळ भरपूर दिला होता, आम्हीच त्यात हललो नाही.

कब्रस्तानात आधी घरच्यांनी माती द्यायची असते. म्हातारीला दोन बायकांनी धरून आणलं. तिने मूठ सोडली आणि ताईला पुढे ओढलं. चुलते बाजूला झाले. ताईने माती दिली, तिच्यानंतर चुलते, मग बाकीचे. पप्पा गावकऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांना वाकता येईना, म्हणून एका शिक्षकाने खालची माती उचलून त्यांच्या हातात दिली.

परतताना रुईछत्तीसी गाव मागे पडल्यावर पप्पांनी गाडीत विचारलं, "त्या रविवारी मी वाचलं असतं तर?"

ताई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "तर आज मी विधवा झाले असते, पप्पा."

पप्पांनी हळूहळू मान हलवली. त्यांना वाटलं, ती त्यांची समजूत काढते आहे. क्षणभर मलाही तसंच वाटलं, कारण ती आयुष्यभर त्यांची समजूतच काढत आली आहे. पण मग ती त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ड्यूटीवरच्या एखाद्या डॉक्टरांना विचारावं इतका साधा होता.

"उद्या मला चार दिवसांची रजा हवीय," ती म्हणाली. "दवाखान्यात माझं कोण गेलं म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला ड्यूटीवर गेली.